आईवर लिहायला बसलो आणि चार ओळींत संपलं

अर्धा_कप
नमस्कार मंडळी. आईला जाऊन येत्या भाद्रपदात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा एक छोटी पुस्तिका वाटावी असं आम्हा भावंडांचं ठरलंय. ३२ पानं, त्यातली आठ फोटोंची. बहीण फोटो जमवतेय, धाकटा छपाईचं बघतोय, आणि "तू कुठे कुठे लिहीत असतोस ना" म्हणून मजकूर माझ्या गळ्यात पडला.

तीन रविवार बसलो. हाती लागलं ते एवढंच: "आई अत्यंत प्रेमळ, कष्टाळू आणि सोशिक होती. आयुष्यभर तिने संसारासाठी खस्ता खाल्ल्या. तिच्या हाताला चव होती. तिच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही."

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे माझ्या आईलाही चालेल. तुझ्या काकूलासुद्धा." काकूबद्दल आमच्या घरात फारसं बरं मत नाही, त्यामुळे हे लागलं.

आईने नोकरी केली नाही. सत्कार नाही, भाषण नाही. पेपरात नाव एकदाच आलं, ते गेली तेव्हा. मागे बाबा आहेत, ८६ वर्षांचे. ५८ वर्षं संसार केला, तीन मुलं वाढवली, दोन दिरांची शिक्षणं काढली, सासूचं पाच वर्षं अंथरुणातलं सगळं केलं. हे लिहावं तर यादी होते, न लिहावं तर विशेषणं उरतात. तुमच्यापैकी कोणी असं काही लिहिलंय का? सुरुवात कुठून केलीत?

नुसतीच_वाचक
_/\_ पुस्तिका झाली की इथेही टाका.

चिंचगूळ
आधी "सोशिक" खोडा. हा शब्द बहुतेक वेळा ज्यांच्यामुळे सोसावं लागलं तेच लोक वापरतात.

कोपऱ्यावरचा
मला काकूंची पुस्तिका जास्त वाचावीशी वाटतेय. कधी काढताय?

लालबागची_पोर
माझ्या आजीचं सांगते, त्यातून काही सुचलं तर बघा.

लालबागला चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत तिची खानावळ होती. घरात आम्ही सात आणि जेवणारे सतरा. सगळे गिरणीतले. बायकापोरं गावाला ठेवून आलेले, कोणी कोकणातले, कोणी घाटावरचे. ज्याची जशी पाळी तसं त्याचं ताट. रात्रपाळीचा माणूस सकाळी जेवून आमच्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि आम्ही त्याला ओलांडून शाळेत जायचो. पैसे महिन्याचे, पगार झाला की. आधी ती पिठामिठासाठी सावकाराकडून उचल घ्यायची. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी खानावळवाल्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यातून बँकेचं कर्ज मिळालं, तेव्हा तिने दोन मोठी पातेली घेतली. त्यातलं एक माझ्याकडे आहे. आता त्यात तुळस लावलीय, पण ते असो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. महिनाभर सगळे म्हणत होते, मिटेल. आजीची लाल पुठ्ठ्याची लांब वही होती. एकेका नावापुढे उभ्या रेघा, एक ताट म्हणजे एक रेघ, पाच झाल्या की आडवा काट. मार्चपासून रेघा वाढत गेल्या आणि पैसे थांबले. आजोबाही गिरणीतच, म्हणजे तेही घरी. मग एकेक गडी गावाची वाट धरू लागला. जाताना तिच्या पाया पडायचे.

आता इथे कोणीही लिहील की त्या माउलीने भुकेल्यांना पोटाशी धरलं. धरलं हे खरंच आहे. पण आई सांगते, ती दिवसभर शिव्या घालायची. मालकांना, पुढाऱ्यांना, आजोबांना आणि त्या गड्यांनाही. "माझं पीठ खाऊन पळाले मेले." आणि संध्याकाळी पुन्हा कणीक तिंबायला बसायची.

वहीच्या शेवटच्या पानावर ११ नावं आहेत. त्यातले दोघे नंतर पैसे देऊन गेले. एक तर खूप वर्षांनी आला, पेढे घेऊन. आजीने पेढे देवापुढे ठेवले, पैसे मोजून घेतले आणि व्याज मागितलं.

तुमच्या आईचीही कुठेतरी वही असेल. शोधा.

मंगळवारपेठी
"आणि व्याज मागितलं." बास, आजी समोर उभी राहिली.

गोडाघाट
मी जरा वेगळं लिहिते, राग मानू नका.

अशा धाग्यांवर सगळ्यांच्या आज्या थोर असतात. माझी आजी नव्हती. आम्हा नातवंडांसाठी जीव टाकायची, पण माझ्या आईला आणि दोन्ही काकवांना तिने रडकुंडीला आणलं होतं. साखरेच्या डब्याला कुलूप. खरोखरचं, पितळी, किल्ली कमरेला. दुपारी आपला चहा झाला की ती साखर मोजून काढून द्यायची, तीन सुनांना मिळून चार चमचे. चौथा चमचा कोणाचा, यावरून तीन जावांत जे व्हायचं ते ती ओसरीवरून ऐकत बसायची. माझी आई आजही बिनसाखरेचा चहा पिते आणि डॉक्टरला वाटतं ती पथ्य पाळते.

आजी गेली तेव्हा तेराव्याला एका नातेवाइकांनी भाषण केलं, "वात्सल्यसिंधू" वगैरे. आई उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं रडायला गेली. जाऊन बघते तर भाताला पाणी बघत होती.

पण गंमत अशी की वाटण्या झाल्या तेव्हा कुलपासकट तो डबा आईनेच मागून घेतला. का, ते तिला विचारायची माझी छाती नाही.

अर्धा_कप, पुस्तिकेतलं एक पान तुमच्या बायकोला द्या. सुनेला दिसलेली सासू मुलाला दिसत नाही.

अर्धा_कप
@गोडाघाट, बायकोला विचारलं. म्हणाली, "एक पान पुरणार नाही." हे कौतुकाने म्हणाली की कसं, ते कळलं नाही.

@लालबागची_पोर, वही नाही सापडली अजून. आई हिशेब लिहायची हे मात्र आठवतंय. माळा बघतो.

नाना_वानवडी
आपल्या मातोश्री सवाष्ण गेल्या. अहेवपणी मरण येणे हे भाग्याचे लक्षण मानले आहे. तिथी काहीही असो, अविधवा नवमीस म्हणजे भाद्रपद वद्य नवमीस त्यांच्या नावे सवाष्ण जेवू घालावी, ओटी भरावी. पुस्तिकेत याचा उल्लेख अवश्य असावा.

चिंचगूळ
नाना, आदर ठेवून विचारते. बाई मेली आणि नवरा मागे राहिला, यात भाग्य नेमकं कोणाचं? त्यांचे बाबा ८६ वर्षांचे आहेत. त्यांना चहा तरी करता येतो का?

अर्धा_कप
येतो. आई गेल्यावर शिकले. साखर दोनदा घालतात.

कोपऱ्यावरचा
पाठवा त्यांना गोडाघाट यांच्या आईंकडे.

नाना_वानवडी
चिंचगूळताई, आपला प्रश्न योग्य आहे. माझी पत्नी २०११ साली अशीच सवाष्ण गेली. स्मशानात चार जणांनी मला सांगितले की ती भाग्यवान. त्या रात्री घरी आलो तर दाराची दुसरी किल्ली कुठे असते हे मला ठाऊक नव्हते. मी परंपरा सांगितली. भाग्य कोणाचे, ते मला अद्याप उमगलेले नाही.

चिंचगूळ
नाना, चुकले. नमस्कार करते.

कोपऱ्यावरचा
वातावरण जरा हलकं करतो. माझ्या आत्याच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मुलगा म्हणाला धाकट्याचं लग्न लावतो, नाही. सून म्हणाली तुळशीला रोज पाणी घालीन, नाही. काका म्हणाले पुन्हा तंबाखू खाणार नाही. कावळा तर उडून लांबच्या फांदीवर जाऊन बसला, त्यालाही ते पटलं नसावं. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले. मग शेजारच्या बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, भिशीचे चार हप्ते राहिलेत ते मी वसूल करून तुमच्या लेकीच्या हातात देते. मुलाच्या नाही." म्हणायचा अवकाश, दोन कावळे आले. आत्या भिशी चालवायची हे काकांना तिथे, घाटावर कळलं. बावीस बायकांची होती.

मंगळवारपेठी
खरं की रचलेलं?

कोपऱ्यावरचा
बावीसचा आकडा खरा. कावळे एक की दोन यावर घरात अजून वाद आहे.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या मायचं सांगतो. अकोला जिल्हा, कोरडवाहू, कापूस आणि तूर. बापापेक्षा जास्त वेळ वावरात माय असायची. पेरणीला मागे सरता धरायला ती, निंदायला ती, वेचायला ती. पण सातबाऱ्यावर नाव बापाचं, म्हणून कागदावर शेतकरी बाप आणि माय "घरकाम".

१९८६ ला चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं, माय गावातल्या बायकांसोबत ट्रकमध्ये बसून गेली. आम्हाला आजीकडे टाकलं होतं. परत आली तेव्हा आवाज बसला होता. पुढे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचं काढलं, बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणून. बाप संघटनेचा बिल्ला लावून फिरणारा, आता नाही म्हणता येईना. दोन एकर केले. तेही नाल्याकडचे, दगडाचे.

मायने उतारा घडी करून ट्रंकेत ठेवला नाही, देवघरात लावला. गणपतीच्या बाजूला. बाप म्हणे, "इथं काय करते हा?" माय म्हणे, "तुम्ही पाया पडता न रोज, पडा." त्या दगडाच्या दोन एकरात तिने सीताफळं लावली. आज घरात नगदी पैसा येतो तो तिथूनच.

आता तिच्याबद्दल लिहायचं तर मी तो गट नंबर लिहीन. बाकी नंतर.

फोंड्याची
आमच्या गोव्यात लग्नानंतरची मालमत्ता दोघांची अर्धी अर्धी, वेगळा करार केला नसेल तर. पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे. ऐकायला छान वाटतं. पण माझ्या आईला हे साठीत कळलं, बाबांनी जमिनीच्या कागदावर सही मागितली तेव्हा. तोवर तिला वाटायचं आपल्या नावावर फक्त माहेरचं कपाट आहे. सही तिने दिली, पण दोन दिवस लावले. "वाचते आहे," म्हणाली. मराठी चौथी शिकलेली, कागद इंग्रजीत!

देशावरचा
मालमत्तेवरून आठवलं. मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती आपल्या राज्यात १९९४ ला झाली, देशभर २००५ ला. आणि आमच्या घरात २००६ ला चारही आत्यांच्या हक्कसोडपत्रावर सह्या घेऊन झाल्या. साड्या दिल्या चार.

व्यवस्थापक
मंडळी, मालमत्तेसाठी वेगळा धागा आहे. मूळ प्रश्नाला धरून लिहावे ही विनंती.

माणदेशी_माती
मूळ प्रश्नाकडे येतो.

माझ्या आईच्या डाव्या अंगठ्याचं नख नव्हतं. लहानपणी मला वाटायचं सगळ्या आयांचं नसतं. बाहत्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर ती खडी फोडायला जायची. मी पोटात होतो. दगड डाव्या हाताने धरायचा, उजव्या हाताने हातोडी. भुकेच्या माणसाचा हात हलतो, ती हातोडी अंगठ्यावर बसली. चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, कारण हजेरी बुडली तर त्या दिवसाचं काहीच नाही. कामावर सुकडी मिळायची, ती ती पदरात बांधून घरी थोरल्या भावासाठी आणायची. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी रेशनवर होती. तिची भाकरी थापताना चिरते, हे तिने मरेपर्यंत अमेरिकेवरचा राग म्हणून सांगितलं.

तिने जे सोसलं त्यावर मला एक ओळही सुचली नाही. नखावर दोन पानं झाली.

तुमच्या आईचे हात आठवा. किंवा चप्पल कुठे झिजायची ते.

मंगळवारपेठी
नाव कुठलं छापणार आहात, माहेरचं की सासरचं? आमच्या आजीचं नाव लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून बदललं. जुनं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. ती गेल्यावर गावच्या शाळेतून दाखला काढला तेव्हा कळलं. आमच्या छापील कुलवृत्तांतात तर पुरुषांची बारा पिढ्यांची नावं आणि बायकांच्या जागी नुसतं "पत्नी, माहेर अमुक गाव". आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी, मग वडिलांचं, असं सरकारने केलंय. चांगलंच आहे, पण आजीला उशीर झाला.

अर्धा_कप
मंडळी, सापडलं!

वही नाही. कॅलेंडरं. कालनिर्णय सुरू झालं १९७३ ला, आमच्याकडची गठ्ठ्यातली पहिली १९७९ ची. शेवटचं मागच्या वर्षीचं. ४६ कॅलेंडरं, माळ्यावर, परकराच्या नाडीने बांधलेली गुंडाळी. झुरळांनी कडा खाल्ल्यात, चौकोन शाबूत. तीन रात्री बहीण आणि मी जमिनीवर पसरून बसलोय. बाबा मधेच येऊन "काय आहे" विचारतात आणि जातात.

प्रत्येक चौकोनात तिचं बारीक अक्षर. "दू. १॥" म्हणजे दूध दीड लिटर. "सि." सिलिंडर. "रॉ." रॉकेल. "इ. १२" म्हणजे इस्त्रीचे बारा कपडे. "भि. ५०" भिशी. "बा. ना." म्हणजे बाई नाही, हे ओळखायला बहिणीला एक सेकंद लागला आणि मला दहा मिनिटं.

एक गोष्ट सांगतोच. १९८५ च्या सप्टेंबरात एका तारखेपासून "दू. १॥"चं "दू. १" होतं आणि ४० दिवस तसंच राहतं. जुळवून बघितलं तर तेव्हा बाबांच्या कारखान्याला टाळं होतं. आम्हाला तर आठवतं की दूध रोज मिळायचं, पेला भरून, तिघांनाही. मग अर्धा लिटर कोणाच्या चहातलं गेलं ते उघड आहे. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मला चहा मिळत होता." मग थोड्या वेळाने म्हणाले, "ती तेव्हा कोरा प्यायची. आवडतो म्हणाली."

आता एक कोडं. १९८६ च्या एप्रिलपासून काही चौकोनांत "पो." आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. १९८७, ८८, ८९ ला पण उन्हाळ्यातच. पुढे काही नाही. कोणाला काही सुचतंय?

साबुदाणा_वडी
यात कोडं काय? उन्हाळा + पो. = पोह्याचे पापड.

चिंचगूळ
आठवड्याला तीन दिवस, दोन महिने? एवढे पापड गाव खाईल.

साबुदाणा_वडी
माझी सासू करायची. वाळवणाचं तुम्हाला माहीत नाही. एक दिवस भिजवणं-कुटणं, एक दिवस लाटणं, एक दिवस उलटणं.

वऱ्हाडी_ठेचा
पोस्ट. आवर्ती ठेव. पण त्याला महिन्यातून एकदा जावं लागते.

नाना_वानवडी
पोथी असावी. चातुर्मासात मात्र अधिक शक्यता होती.

अश्दोदकर
इस्राएलमधून सलाम. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आई रेवदंड्याकडची. आमच्याकडे पो. म्हणजे पोहेच, मलिद्याचे. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव. आई गेल्यावर मलिदा मी करते. पोहे इथे भारतीय दुकानात मिळतात, पण ते जाड असतात आणि आई वरून नाक मुरडत असणार. अर्थात मलिदा आठवड्यातून तीनदा नसतो.

गोडाघाट
पोरं? मुलं कुठे पाठवायच्या सुट्टीत? त्याची नोंद?

कोपऱ्यावरचा
पोहायला जात असतील. हाहा.

मंगळवारपेठी
पोलिओचा डोस. (तिघांचंही वय बसत नाही, माहीत आहे. मी आपला हजेरी लावतोय.)

अर्धा_कप
@गोडाघाट, मुलं नाहीत, पण तुमच्या प्रश्नामुळेच धागा सापडला. सुट्टी लागली की आई आम्हा तिघांना वाईला मावशीकडे पाठवायची. दोन महिने. स्वतः यायची नाही, "यांच्या डब्याचं कोण बघणार" म्हणून. म्हणजे "पो." चे चौकोन आणि आम्ही घरी नसल्याचे दिवस तेच.

रविवारी मावशीला फोन लावला. वय ७८, कानाला यंत्र. आधी म्हणाली, "मला रे काय माहीत." मी वार वाचून दाखवले. मग ती हसायला लागली आणि फोन सुनेच्या हातात देऊन पाणी प्यायला गेली.

@कोपऱ्यावरचा, दंडवत घ्या. पोहायला.

महापालिकेच्या तलावावर दुपारी बायकांची वेगळी बॅच असायची. शेजारच्या बँकेतल्या बाईंनी तिचं नाव घातलं. तेव्हा आई ४२ वर्षांची होती. पोशाख मावशीने वाईहून शिवून पाठवला, जाड पॉपलिनचा, गुडघ्याखालपर्यंत विजार आणि वर बाह्यांचा झगा. पहिल्या दिवशी त्या झग्यात हवा भरली आणि आई फुग्यासारखी तरंगली, शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला शिकवायची गरजच नाही." तो पोशाख आमच्या घरी कधी आलाच नाही, त्या शेजारच्या बाईंकडेच वाळायचा.

आणि आम्ही त्याच वेळी वाईच्या घाटावर कृष्णेत डुंबत होतो. सुट्टी संपवून परत आलो की ती दम द्यायची, "नदीत गेला होतात ना? बुडाला असतात तर?"

माणदेशी_माती
वा. वा. वा.

देशावरचा
त्या पानशेतच्या पुरात सापडल्या होत्या का? आमच्या एका नातेवाईक बाई १२ जुलै १९६१ नंतर जन्मभर पाण्याला घाबरायच्या. तसलं काही असेल, भीती मोडायला म्हणून...

अर्धा_कप
मलाही तेच वाटलं, छान गोष्ट झाली असती. पण ती तेव्हा वाईलाच होती, लग्न होऊन पुण्यात आली १९६६ ला. मावशीला सरळ विचारलं, का शिकली? मावशी म्हणाली, "अरे उन्हाळा होता."

चिंचगूळ
आणि ८९ नंतर का थांबलं?

अर्धा_कप
१९९० च्या मार्चमधे एका चौकोनात लिहिलंय, "सासूबाई पडल्या". त्यानंतर दूध दोन लिटर.

लालबागची_पोर
बाबांना सांगितलंत?

अर्धा_कप
काल रात्री. सगळे चौकोन दाखवले. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "केस ओले असायचे. मला वाटायचं न्हाली."

बहीण म्हणाली, "बाबा, आठवड्यातून तीनदा?"

"मी कुठे वार बघत होतो."

झोपायला जाताना दारात थांबून विचारलं, "खोल भागात जायची का?" मला माहीत नव्हतं. आज सकाळी पुन्हा वाईला फोन केला. मावशी म्हणाली, दुसऱ्या वर्षापासून जायची, तिकडे पाटीवर १२ फूट लिहिलेलं होतं. बाबांना सांगितलं. त्यांनी चहात साखर घातली, ढवळली आणि परत घातली.

नाना_वानवडी
हे पुस्तिकेत घालणार आहात का? काही वडीलधाऱ्यांना रुचणार नाही.

अर्धा_कप
नाना, घरात दोन मतं आहेत. धाकटा म्हणतो, तिने लपवलं ते आपण का छापायचं? बहीण म्हणते, लपवायचं असतं तर चौकोनात लिहिलं नसतं. बायको म्हणते, तिचं पान झालंय आणि ते कोणाला वाचायला मिळणार नाही, थेट छापायला जाणार. पहिल्या पानावर १९८६ च्या मे महिन्याचं पान जसंच्या तसं टाकायचं एवढं मात्र ठरलंय. खाली काही लिहायचं नाही. ज्याला वाचता येईल तो वाचेल.

मंगळवारपेठी
आणि त्या चार ओळी?

अर्धा_कप
काकूसाठी ठेवल्यात.

साबुदाणा_वडी
सगळं वाचलं, डोळे भरून आले. तरी एकदा बघाच. १९८७ चा एप्रिल, कुठेतरी नुसतं "पो." नसेल, "पो. पा." असेल.

अर्धा_कप
आहे. १२ तारीख, रविवार. "पो. पा. २ कि."

साबुदाणा_वडी
मग!